आपापला नंदी

माझ्या सुनेला मराठी उत्तम येतं, फक्त आमचं येत नाही, असं मी पहिल्या महिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो होतो. प्रेमलता सांगलीकडची. माझा मुलगा दुर्गेश पुण्यात नोकरीला होता, तिथेच दोघांचं जमलं, लग्न झालं, नातू सौरवही तिकडेच जन्मला. यंदा एप्रिलमध्ये कंपनीने दुर्गेशला इकडे आमच्या शहरात, मिहानच्या ऑफिसात पाठवलं आणि माझं रिकामं घर भरलं. आल्या दिवशीच नातवाने भोकाड पसरलं. मी लाडात येऊन विचारलं, "काहून रडते रे पोट्टा?" सुनेने पोराला उचललं आणि तडक आतल्या खोलीत निघून गेली. पोट्टा हा शब्द तिकडे शिवीसारखा लागतो, हे दुर्गेशने मला नंतर कानात सांगितलं. आमच्याकडे लेकराला पोट्टा म्हटलं नाही तर त्याला वाटतं, आजोबा रुसले.

मी गणपतराव. कळमन्याच्या यार्डात माझी धान्याची अडत आहे, म्हणजे शेतकऱ्याचा माल माझ्या ओट्यावर येतो आणि मी तो लिलावात विकून देतो. आवाज मोठा आहे. लिलाव बोलून बोलून तसा झाला असं मी म्हणतो. लग्नाच्या मांडवातही असाच होता असं माझी बायको सत्यवती म्हणते. माणसाची पारख मला पटकन होते असा माझा समज आहे, आणि तो मोडायला घरातलं कुणी धजावत नाही. पण सुनेच्या मनात काय चाललंय, ते मला काही केल्या कळत नव्हतं.

तिला करमावं म्हणून मी कमी खटपट केली नाही. ओळखीच्या सगळ्या घरी तिला नेलं. जिथे जावं तिथे लोक उठून उभे राहायचे, "या या, गणपतरावची सून ना?" असं म्हणून तिच्या हातात चहाची कपबशी द्यायचे आणि मग माझ्याशी तुरीच्या भावावर बोलत बसायचे. ती कोपऱ्यात कपबशी धरून हसऱ्या तोंडाने बसलेली असायची. मला वाटायचं, चला, ओळखी झाल्या. सत्यवती म्हणायची, "ओळखी तुमच्या झाल्या. तिच्या कुठं झाल्या?" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिचं ऐकायची सवय मला नाही.

मग श्रावणात पुण्याहून दुर्गेशला बोलावणं आलं. वरची जागा होती, गणपतीनंतर रुजू व्हायचं होतं. मला वाटलं पोरगा उडी मारेल. पण तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "बाबा, मले इथंही जमते, तिथंही जमते. प्रेमा म्हणन तसं करू. तिले इथं एकटं वाटते, हे मी पाहून राहिलो." आणि सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "पोळ्यानंतर सांगते."

झालं. पोळ्यापर्यंत माझा जीव टांगणीला. सौरव सकाळी माझ्या पोटावर बसून मला उठवतो, हे सुख मला साठीनंतर मिळालं होतं आणि ते जाणार की राहणार हे एका अबोल बाईच्या हातात होतं. लिलावात मी भल्याभल्यांच्या चेहऱ्यावरून भाव ओळखतो. हिच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

आता शाळेचं सांगतो. शाळा आमच्या वस्तीतलीच, मराठी माध्यमाची, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. कडुनिंबाचं एक झाड, पत्र्याचा हॉल आणि हातपंप असलेलं पटांगण. दुर्गेशला पोराला बसने नेणाऱ्या मोठ्या शाळेत घालायचं होतं. मीही तेच म्हणत होतो, कारण यार्डात बाकीच्यांची नातवंडं टाय लावून जातात. सून म्हणाली, "मला इथले रस्ते माहीत नाहीत. पोराला काही झालं तर पायी पोचता येईल अशी शाळा हवी." तेवढ्या एका गोष्टीत तिने आमचं काही ऐकलं नाही.

तिथे यार्डातल्या हमालांची पोरं येतात, भाजीवाल्यांची येतात, एका फौजदाराची मुलगी येते, इतवारीत दुकान असलेल्या मधुसूदनचा मुलगाही येतो. आणि तिथल्या मुख्याध्यापिका कामिनी मॅडम यांनी पोरांपेक्षा त्यांच्या आयांच्या मागे जास्त लकडा लावलेला आहे. माता-पालक गट म्हणतात त्याला. आठवड्यातून एकदा आयांना निंबाखाली बसवतात आणि घरी काय करून घ्यायचं ते सांगतात. भाजी निवडताना पोराला शेंगा मोजायला लावा. शाळेतून घरी जाताना गल्लीतल्या पाट्या वाचून घ्या.

ही पाट्या वाचायची गोष्ट मला पोरखेळ वाटली होती. पण त्याने काय झालं ते ऐका. सौरव आणि शामलाचा ऋषिकेश एकाच वर्गात. शामला ही आमच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवते, तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. दोघी आया दोन्ही पोरांना घेऊन रोज वेगळ्या गल्लीने घरी येऊ लागल्या, कारण जुन्या गल्लीतल्या पाट्या पोरांना पाठ झाल्या होत्या. एकदा जेवताना सून सत्यवतीला म्हणाली, "आई, गव्हाचं दळण त्या हनुमान मंदिरामागच्या चक्कीवर देऊया. तिथं बारीक दळतात, आणि चक्कीवाल्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांची मुलगी बसते हल्ली." मी घास हातात धरून बघत राहिलो. जन्म गेला माझा या वस्तीत. मंदिरामागे चक्की आहे हे मला माहीत नव्हतं, आणि गुडघ्याचं तर सोडाच.

शाळेत दुपारची खिचडी शिजते. ती पोरांना वाढायच्या आधी एका आईने चाखायची, अशी पद्धत. सुनेची पाळी आली तेव्हा तिने चाखली आणि दुसऱ्या दिवशी माहेरहून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी घेऊन गेली. सौरव सांगत होता की त्या दिवशी पोरांनी पातेलं खरवडून खाल्लं. मला त्या बरणीतला मसाला कधी मिळाला नाही, पण असू दे.

मी हे सगळं ऐकत होतो आणि तरीही मला वाटत होतं, हिचा जीव रमवायचा तर मीच काहीतरी केलं पाहिजे. पुरुषाला वाटतंच तसं.

पोळ्याच्या आधीचा शनिवार. सत्यवती तीन दिवसांसाठी बहिणीकडे कामठीला गेलेली. मी अडतीवर होतो, ओट्यावर हरभऱ्याची ढेरी, म्हणजे लिलावाची रास, लागली होती. तेवढ्यात मधुसूदनचा फोन. इतवारीत त्याचं भांड्यांचं दुकान, पण घर आमच्या गल्लीच्या टोकाला.

"गणपतराव, शाळेत तान्हा पोळा हाये ना आज? तुमच्या नातवाले नंदी नाही का गा घरी? अंगठ्याएवढा आणला त्यानं."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं गल्लीतून ओढत नेतात, त्याला तान्हा पोळा म्हणतात, आणि त्या लाकडी बैलाला आम्ही नंदी म्हणतो. शाळा तो आधीच्या शनिवारी करते. नंदी केवढा, यावर इथे माणसाची पत ठरते. मधुसूदनचा नंदी टेम्पोतून येतो. आणि गणपतरावचा नातू अंगठ्याएवढा घेऊन गेला? माझ्या माळ्यावर दुर्गेशच्या लहानपणचा सागवानी नंदी पडलेला, तो मी पाडव्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसासाठी, रंगवून ठेवला होता. शाळेचा कार्यक्रम आहे हे मला घरात कुणी सांगितलंच नाही. डोकं असं भडकलं की ढेरी तशीच मुनिमावर सोडली, घरी गेलो, नंदी स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभा केला आणि निघालो. रस्त्यात लोक बघत होते. त्यांना वाटलं असेल, म्हातारा चळला.

अंगठ्याएवढा नंदी कुठला, याचा जाता जाता उलगडा झाला, कारण माळ्यावर चढताना देवघराकडे लक्ष गेलं होतं. महादेवाच्या पिंडीपुढे सत्यवतीचा पितळी नंदी नव्हता.

कामिनी मॅडमनी आयांच्या ग्रुपवर निरोप टाकला होता: शनिवारी तान्हा पोळा, प्रत्येकाने आपापला नंदी सजवून आणावा. सांगलीकडे बेंदूर असतो, तो आषाढात, मातीच्या बैलांचा. लाकडी बैल ओढणं तिला माहीतच नाही. नंदी म्हटला की तिच्या डोळ्यांपुढे एकच, महादेवासमोर बसलेला. त्यात आपापला म्हटलेलं. तिने सांगलीला आईला फोन करून विचारलंही होतं. आई म्हणाली, "असेल बाई तिकडची पद्धत." मग तिने पितळी नंदी चिंच लावून लख्ख घासला, गळ्यात झेंडूचं एक फूल बांधलं आणि पोराच्या हातात दिला. हे मागाहून कळलं. मला विचारलं असतं तर? पण मी घरी असतो कधी आणि असलो तर दुसऱ्याला बोलू देतो कधी, असं सत्यवती म्हणते.

शाळेच्या फाटकावर तुळसाबाई नावाची बाई बसते. मी स्कूटर आत घालायला लागलो तर तिने काठी आडवी केली.

"कुठं चालले?"

"आत. मी गणपतराव."

"कोन गणपतराव?"

कळमन्यात मला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी आवाज चढवला. "कळमन्याचा. अडतवाला. सौरवचा आजा."

"तीन सौरव हायेत शाळेत. उगीच आत नाही सोडत मी."

माझ्या तोंडून शेवटी निघालं, "प्रेमलता माझी सून हाये."

बाईने काठी लगेच बाजूला घेतली. "प्रेमाताईचे सासरे होय? मंग आधीच सांगा ना तसं. या, या. गाडी सावलीत लावा. ताई तिकडं निंबाखाली हायेत, जरा रडवेल्या झाल्या, पहा बरं."

गाडी सावलीत लावली मी. दुसरं काय करणार?

पटांगणात रांग लागली होती. गुडघ्याएवढे, कमरेएवढे, रंगवलेले, शिंगांना फुगे बांधलेले नंदी. सगळ्यांच्या पुढे मधुसूदनचा, घोड्याएवढा. आणि रांगेच्या टोकाला माझा नातू तळहातावर पितळी नंदी धरून उभा. निंबाखाली सून. तोंड लालबुंद, डोळे भरलेले. दोनचार बाया पदराआड हसत होत्या, मला दिसल्या त्या.

मी नंदी खाली उतरवला आणि ओरडलो, "सूनबाई, हा घे आपला नंदी. लाव त्याले रांगेत पुढे."

"बाबा, तुम्ही कशाला आलात?" ती हळूच म्हणाली. ते ऐकून मला कळायला हवं होतं. पण समोर मधुसूदन मिशीवर ताव मारत होता.

आता हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण शाळेत दरवर्षी एक भांडण व्हायचं. मिरवणूक निघण्याआधी एका नंदीची पूजा होते. मान कोणाच्या नंदीचा, यावरून बाप लोक कोंबड्यांसारखे एकमेकांवर धावायचे. गेल्या वर्षी दोन बापांत हातघाईवर आलं होतं. तेव्हा कामिनी मॅडम म्हणाल्या होत्या की पुढच्या वर्षी असं झालं तर शाळेतला तान्हा पोळा बंद.

आणि आम्ही दोघांनी तेच सुरू केलं. मधुसूदन म्हणाला, "मोठा माझा हाये, मान माझा." मी म्हटलं, "मोठा असून काय गा, तुझा प्लायवुडचा. माझा सागवानी हाये, तीस वर्षांचा." तो म्हणाला, "म्हातारा हाये मंग." मी बाह्या सरसावल्या. पोरं आमच्याकडे बघायला लागली. कामिनी मॅडम पूजेचं ताट हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि हॉलकडे वळल्या. पोळा संपला असता तिथेच.

तेवढ्यात शामला रांगेच्या टोकाला गेली. तिने सौरवला पुढे आणलं आणि आमच्या दोघांच्या मधे उभं केलं.

"भाऊ, थांबा जरा," ती मला नाही, मधुसूदनला म्हणाली. "हे पोट्टं नंदी घेऊन आलं. बाकीच्यायनं काय आणलं? आपण आपल्या बैलाले नंदी म्हणतो, म्हणून थो नंदी झाला का? हा महादेवापुढचा हाये. याच्याहून कोणाचा बैल मोठा हाये, तेवढं सांगा."

मधुसूदन पितळी नंदीकडे बघत राहिला. मीही.

पण सून पुढे आली. मला वाटलं, ती पोराला घेऊन घरी जाते. तिने सौरवच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. चार महिन्यांत तिचा तेवढा आवाज मी ऐकला नव्हता.

"शामलाताई, नको. मी चुकून आणलाय. आमच्याकडं तान्हा पोळा नसतो, मला माहीत नव्हतं. ज्यांचा मान आहे त्यांना द्या."

पदराआड हसणाऱ्या बाया हसायच्या थांबल्या. शामलाने कमरेवर हात ठेवले.

"मंग? आता माहीत झालं ना? मी पहिल्यांदा खिचडी चाखाले आली तं पातेलंच सांडलं होतं. हिनं," ती एका बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "हिनं गणपतीच्या आरतीले पोराले सांताक्लॉजचा ड्रेस घालून आणलं होतं. आपण सगळ्याच इथं चुकत चुकतच शिकलो वं. चल, ताट घे. पूजा तूच करशीन."

"मी?"

"तुझा नंदी हाये तं दुसरी कोन करन?"

बाया उठल्या. दोघींनी तिला धरून पुढे आणलं, एकीने आपल्या ओढणीने तिचं तोंड पुसलं, चक्कीवाल्या काकूंची मुलगी, तिचंही पोर याच शाळेत, पळत जाऊन हातपंपावरून पाणी घेऊन आली. कामिनी मॅडम वळल्या, ताट उचललं आणि माझ्या सुनेच्या हातात दिलं. एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बाईचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं. तिने या आयांना इतकं तयार केलं होतं की आता तिला बोलायची गरज उरली नव्हती.

मधुसूदनने नंदी निरखून पाहिला. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिला. "हा तं आमच्या दुकानातला माल हाये," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळचा. हा पोटाखालचा ठसा पहा." असं म्हणून त्याने स्वतः आणलेला नारळ पितळी नंदीपुढे फोडला. मानाचा काही ना काही वाटा घेतल्याशिवाय हा माणूस राहत नाही. पण नारळ फोडला, हे खरं.

देवघरातला नंदी जमिनीवर चालवायचा कसा, असा प्रश्न निघाला. बायांनीच ठरवलं, ताटात ठेवायचा आणि प्रत्येक वर्गातल्या पोरांनी थोडाथोडा वेळ धरायचा. मिरवणूक निघाली. पुढे ताट, मागे मधुसूदनचा घोड्याएवढा, त्याच्या मागे माझा सागवानी, त्याच्या मागे सगळे. हमालाच्या पोराने ताट फौजदाराच्या पोरीकडे दिलं, तिने सौरवकडे. गल्लीत बाया दारात उभ्या होत्या आणि हाक मारत होत्या. "सौरवची आई, थांबा, हळद लावते." "सौरवची आई, पोरायले पाणी पाजा." माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी रांगेच्या शेवटी, एका रडणाऱ्या पोट्ट्याचं निखळलेलं चाक बसवत चाललो होतो. खोटं कशाला बोलू, मला छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सत्यवती कामठीहून आली. देवघरात गेली, नंदी नीट पाहिला, गळ्यातलं सुकलेलं फूल काढून हातात घेतलं. मी सगळी हकिकत सांगितली. वाटलं चिडेल. ती पिंडीकडे बघून म्हणाली, "पहा, तुम्हाले सोडून पोळा खेळून आला." आणि सुनेला हाक मारून तिच्या हातावर साखर ठेवली.

संध्याकाळी सून ओसरीवर सौरवचा युनिफॉर्म बटण लावायला घेऊन बसली होती. मी बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसलो. इतके दिवस विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते विचारलं.

"आम्ही काही कमी केलं का वं तुले?"

तिने सुई थांबवली. "नाही बाबा. तुम्ही फार केलंत."

"मंग?"

तिने बटणातून दोरा ओढून घेतला. मग म्हणाली, "तुम्ही न्याल तिथं मी गणपतरावांची सून. लोक चांगलंच वागतात, पण तुमच्याशी वागतात. मी बसून असते. पुण्यात होते तेव्हा दुर्गेशची बायको होते. शाळेत तसं नाही. तिथं मला माझ्या पोराची आई म्हणतात, आणि आधी काम सांगतात. चुकले तर तोंडावर सांगतात." तिने दोरा दाताने तोडला. "अजून ठरलं नाही माझं. तुमच्यासाठी राहते असं खोटं मी सांगणार नाही."

लागलं मला. खूप लागलं. अडतीवर कुणी असं बोललं असतं तर मी माल उचलायला लावला असता. पण पोरगी खरं बोलत होती, आणि खरं बोलायला तिला माझ्या घरात पहिल्यांदा जमलं होतं. मी म्हटलं, "नको सांगू," आणि उठून फिरायला गेलो.

मंगळवारी पोळा झाला. पुरणपोळ्या झाल्या. सून काही बोलली नाही. पुण्याच्या साहेबाने दुर्गेशला बुधवारपर्यंतची मुदत दिली होती.

बुधवारी पाडवा. सकाळी दुर्गेश सौरवला खांद्यावर घेऊन इतवारीत मारबतीची, म्हणजे रोगराई घालवायला काढतात त्या पुतळ्यांची, मिरवणूक बघायला गेला, दोघं धुळीने माखून आले. दुपारनंतर गल्लीत चाकांचा खडखडाट सुरू झाला. पोरं आपापले नंदी घेऊन दारोदार येतात आणि प्रत्येक घर त्यांना बोजारा देतं. कुणी नाणी, कुणी खाऊ. आमच्या घरी दरवर्षी मीच दारात बसतो. यंदा माझ्या आधी सून बसली होती, मांडीवर चॉकलेटांचा आणि पेन्सिलींचा डबा, शेजारी नाण्यांची वाटी.

पोरं येत होती. सून प्रत्येकाच्या नंदीला कुंकू लावत होती आणि प्रत्येकाला नावाने बोलवत होती. "ये रे प्रज्वल, आजीचा ताप उतरला का? मोनाली, तुझा नंदी लंगडतोय बघ, बाबांना खिळा मारायला सांग." मी मागे उभा. दरवर्षी हीच पोरं माझ्या दारात येतात. मी त्यांना नाणं देतो आणि म्हणतो, चल, पुढचा. एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

दुर्गेश आतून आला. हातात फोन. हळूच म्हणाला, "प्रेमा, साहेबाचा तिसरा फोन येऊन गेला. काय सांगू?"

तेवढ्यात शामलाचा ऋषिकेश दारात येऊन ठेपला. कुंकू लावून घेतलं, पेन्सिल घेतली, पण हलेना. मान वर करून म्हणाला, "काकू, आई विचारते, पुढच्या साली नंदी तुम्हीच आणसान ना? नाही तं थे मधूकाका आतापासूनच आपला आणतो म्हणून राहिले."

सुनेने मागे वळून दुर्गेशकडे पाहिलं. मग माझ्याकडेही, अगदी क्षणभर. ती पुन्हा पोराकडे वळली.

"आईला सांग, मीच आणणार. आणि मधूकाकांना म्हणावं, नारळ तेवढा तुम्ही आणा."

"प्रेमा," दुर्गेश मागून म्हणाला, "नक्की?"

"पोरं दारात उभी आहेत," ती मागे न बघता म्हणाली. "साहेबांना फोन करून टाका. मोनाली, तू परत का आलीस गं? तुला मिळालंय."

माझ्याने तिथे उभं राहवेना. आत गेलो, स्वयंपाकघरात. सत्यवती उरलेलं पुरण डब्यात भरत होती. माझे डोळे वाहत होते आणि ते लपवायला हाताशी काही नव्हतं. तिने डबा खाली ठेवला.

"काय झालं?" तिने घाबरून विचारलं. "काय म्हणते सूनबाई?"

इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस मी, पण आवाज फुटेना. शेवटी कसाबसा म्हणालो,

"राहून राहिली."